लाकडं आणायला गेलेल्यांची आत्या

उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. आम्ही त्याला हरमाटान म्हणतो. तो आला की आमच्या उईदा गावात सूर्य उगवतो तो पिठात लोळवलेल्या थाळीसारखा. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि रात्री घासून पालथं घातलेलं भांडं सकाळी पुन्हा घासावं लागतं. अशा सकाळी माणूस आंघोळ टाळतो. माझ्या दोसीआत्याला मात्र उठल्या उठल्या एकोणीस आंघोळी घालायच्या असत.

अंगणात चूल, चुलीवर पाण्याचं मोठं भगुणं, शेजारी निळं प्लास्टिकचं टमरेल. पाट घेऊन ती बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची आणि एकेकाला उचलायची. आधी पाण्यात कोपर बुडवून बघायचं. मग साबण, मग काथ्याचा मऊ चोथा, कानामागे, मानेखाली, काखेत. मग पंचा. मग पावडर. हरमाटानच्या दिवसांत पावडरीच्या आधी शियाच्या बियांचं लोणी चोळायचं, कारण ह्या वाऱ्यात कातडी तडकते. लेकरं लाकडाची असली की जास्तच तडकते.

"हल, हल अजून!" असं एखाद्याला दटावत ती त्याला उलटं करायची. "आईसमोर बरा गप्प बसतोस. माझ्याच हातात वळवळ."

एकोणीसही लेकरं वीतभर उंचीची. आमच्याकडे जुळ्यांतलं एखादं निघून गेलं तर गेलं असं म्हणायचं नाही. रानात लाकडं आणायला गेलंय म्हणायचं. मग सुताराकडून त्याची मूर्ती करून घ्यायची आणि घरातलं जे जे राहिलेल्याला मिळेल ते ते तिलाही द्यायचं. आंघोळ, जेवण, नवा कपडा, आईच्या कमरेला खोचून बाजारात फेरी. कसूर झाली तर मागे राहिलेलं पोर झुरतं. पण आयांना पोटासाठी गावं सोडावी लागतात. कुणी लागोसला जाते, कुणी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. तेव्हा ती आई दोसीआत्याच्या दारात येते, कमरेचं सोडवते आणि म्हणते, "आत्या, महिनाभर बघाल का?"

आत्या ह्या कामाला जन्मानंच नेमलेली. तिच्या आधीचे दोघे जुळे भाऊ होते. जुळ्यांच्या पाठी मुलगा झाला तर तो दोसू, मुलगी झाली तर दोसी. जुळे कुणाचं ऐकत नाहीत, देवाचंही नाही, पण पाठच्याचं ऐकतात. तिचे दोन्ही भाऊ ती चालायला लागायच्या आत लाकडं आणायला गेले. नऊ वर्षांची असताना आईनं दोघांच्या मूर्ती तिच्या ओच्यात घातल्या आणि सांगितलं, "आता माझे हात कापतात. तू बघ." तिनं बघितलं. पुढं लग्न झालं, नवरा खाडीत मासे धरायचा. तिला पोर झालं नाही. नवऱ्याच्या आईनं एकदा टोमणा मारला, "घरात पोरं नाहीत आणि ही बाहुल्या न्हाऊ घालते." आत्या म्हणाली, "तुमच्या लेकालाही मीच न्हाऊ घालते, त्याचं काही बोलत नाही तुम्ही." नवरा तेव्हा हसला म्हणे. तो वारल्यावर ती माहेरच्या आवारात परत आली, माझ्या वडिलांच्या घराशेजारी दोन खोल्यांत, आणि तिथं हळूहळू लोकांची लेकरं गोळा झाली. एकदा आवारात आग लागली तेव्हा तिनं दोन फेऱ्या मारून सगळी लेकरं बाहेर काढली. तिची स्वतःची पेटी, लग्नातली लुगडी, सगळं जळलं. दुसऱ्या दिवशी माझे वडील हळहळायला लागले तर म्हणाली, "दादा, लुगडी कुठं रडत बसली होती? ही रडत होती."

मी मोटरसायकल भाड्यानं चालवतो आणि येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवतो. लांबलांबून लोक येतात ते वूडू बघायला. आम्ही आमच्या ह्या देवधर्माला वोदून म्हणतो, ते काय म्हणतात ते म्हणोत. अजगरांचं देऊळ, जुनं पवित्र रान, समुद्राकडे जाणारी ती वाट, एवढं झालं की मी कुणाकुणाला आत्याकडे नेतो. एकदा एका गोऱ्या साहेबानं मूर्ती हातात घेऊन विचारलं, टाचण्या कुठं टोचता? मी सांगितल्यावर आत्या जागेवरून उठली.

"टाचण्या? लेकराला?"

"आत्या, त्यांच्याकडे तसं सांगतात, वैऱ्याची बाहुली करून टोचतात म्हणून."

"ह्याच्या आईचा पत्ता दे मला," आत्या म्हणाली, "तिला विचारते, ह्याला लहानपणी किती टोचल्यास?"

त्या मंगळवारी मी आणलेली पाहुणी मात्र वेगळी होती. तिचं नाव मिर्लांद. हैतीची, शाळेत इतिहास शिकवणारी, चाळिशीच्या आतबाहेर. वोदूनच्या जुन्या गोष्टी गोळा करत फिरत होती. तिच्याकडे एक जाड वही होती आणि मागे टाच झिजलेल्या चपला. आदल्या दिवशी मी तिला समुद्राच्या वाटेनं नेलं होतं, जिथून तिच्या पणजोबांच्या पणजोबांना गुलाम करून जहाजात चढवलं. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि शेवटचा टप्पा अनवाणी चालली. बाजारात बायका तिच्याशी सरळ आमच्या भाषेत बोलायला लागायच्या, कारण तिचा चेहरा शेजारच्या अल्लाडा गावाकडच्या कुणाच्याही चुलतबहिणीचा असावा असा. तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती फ्रेंचमध्ये बोलायची आणि मी मधे उभा.

आत्यानं तिला बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग पाण्याचा तांब्या तिच्या हातात देत म्हणाली, "दोनशे वर्षं लागली होय गं यायला? कुणी अडवलं होतं?"

मी सांगितलं तेव्हा मिर्लांद हसली आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरून आले. आत्यानं नाव सांगितल्यावर तर ती चकितच झाली. त्यांच्याकडेही म्हणे जुळ्यांच्या पाठचा मुलगा तो दोसूच.

"मग! नाव नेताना कुणाला पेटी लागते का?" आत्या म्हणाली. "बस. हात धुऊन घे. कामाला लाग."

मिर्लांदनं वही बाजूला ठेवली आणि आंघोळी घालायला बसली. आत्या तिला शिकवत होती, डोकं धर, असं नाही, मान लोंबते. मध्येच मिर्लांद मला म्हणाली, "त्यांना सांगा, मीही जुळी आहे. माझा भाऊ जन्मतःच मे..."

तिला पुढं बोलू न देता आत्यानं साबणाचा हात तिच्या तोंडावर ठेवला. भाषांतराची गरजच पडली नाही.

"लाकडं आणायला गेलाय," आत्या म्हणाली. "काय म्हणायचं?"

"लाकडं आणायला गेलाय," मिर्लांद साबण थुंकत आमच्या भाषेत म्हणाली. तिनं शिकलेलं पहिलं वाक्य तेच.

त्यानंतर तिनं ज्याला मांडीवर घेतलं तो साग्बो होता. साग्बो म्हणजे एलावान्योचा मुलगा. एलावान्यो कोतोनू शहरात शिवणकाम करते, तिच्याजवळ साग्बोचा जुळा, सात वर्षांचा झिन्सू असतो. साग्बोलाही ती आधी जवळच ठेवायची. पण घरमालकीण नव्या चर्चची, तिनं बजावलं, सैतानाचं लाकूड माझ्या छपराखाली नको. म्हणून साग्बो आत्याकडे, आणि आई दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन त्याला दिवसभर कमरेला लावून हिंडायची. साग्बोच्या चेहऱ्यावरचं नाक धुऊन धुऊन जवळजवळ सपाट झालेलं. डाव्या कानाला एक लाल मणी.

मिर्लांदनं त्याला पुसलं, लोणी लावलं, पावडर लावली. आत्यानं एक फडकं तिच्या कमरेला करकचून बांधून त्यात त्याला कसं खोचायचं ते दाखवलं. मिर्लांद उभी राहिली, दोन पावलं चालून बघितली आणि म्हणाली, "किती गोड आहे हा."

आत्या घेवड्याच्या आमटीकडे वळली होती. जुळ्यांना घेवडा लागतो, लाल पामतेलात शिजवलेला. तिकडे बघतच ती म्हणाली, "तुझाच आहे. ने घेऊन."

आमच्याकडे लेकराचं कुणी कौतुक केलं की आई असंच म्हणते. मीही हजार वेळा ऐकलंय. मी ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं आणि बाहेर गाडी चालू करायला गेलो, कारण मिर्लांदला अबोमेची टॅक्सी पकडायची होती. जुन्या राजवाड्यांच्या गावी ती तीन दिवस राहणार होती. ती धावतच आली, अंगावर धुळीसाठी शाल, गळ्यात पिशवी. माझ्या मागं बसली. अड्ड्यावर उतरल्यावर तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि किती तरी वेळ उभी राहिली. मला वाटलं, हळवी बाई आहे.

दुपारी लेकरांना झोपवताना आत्यानं मोजली. अठरा.

परत मोजली. चटई उचलून झटकली. भगुण्यात बघितलं. आंघोळीचं पाणी फेकलं होतं त्या केळीच्या बुडाशी गुडघे टेकून चिखल चाचपला. मी घरी आलो तेव्हा ती बकरीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून आत बघत होती.

"साग्बो नाही," ती म्हणाली.

शेजारची नोएली मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे पानांत बांधून विकते. ती कुंपणावरून बघत होती. "मी सांगू? तुझ्या भाच्याच्या पाहुणीनं नेला. कोतोनूला दुकानांत काचेमागं असली किती लाकडं विकायला मांडून ठेवलेली असतात! जेवढं नाक झिजलेलं तेवढी किंमत जास्त."

"तोंड आवर," आत्या म्हणाली. "ती बाई साबण खाल्ला तरी हसली. चोर असं हसत नाहीत."

"चोर कसे हसतात ते तुला काय ठाऊक? तुझ्याकडे चोरण्यासारखं होतंच काय आजवर?"

"तू होतीस. तुला कुणी नेलं नाही."

नोएली पदर तोंडाला लावून आत गेली, पण थोड्या वेळानं स्वतःच झाडू घेऊन आली आणि कुंपणाच्या कडेचा पालापाचोळा उपसायला लागली. मी मिर्लांदला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी म्हणालो, गाडी काढतो आणि अबोमेला जाऊन विचारून येतो.

"काय विचारणार? 'बाई, आमचं लेकरू चोरलंस का?' दोनशे वर्षांनी माहेरी आली आणि तिच्या दारात चोरीचा आळ घेऊन जाणार तू?" आत्या म्हणाली. "मीच कुठंतरी ठेवला. मला आता दिसत नाही नीट. मीच."

उन्हं उतरताना तिचा फोन वाजला. मीच तो तिच्या कानाला लावला. पलीकडे एलावान्यो. झिन्सूला तीन दिवस ताप होता. दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, पण पोर रात्रभर बडबडत होतं, साग्बोला बोलवा, साग्बोला बोलवा. मालकीण लेकीकडे गेली होती, रविवारपर्यंत येणार नव्हती. तेवढ्यात साग्बोला नेऊन भावाशेजारी निजवायचं होतं.

"गुरुवारी सकाळी येते आत्या. त्याला तयार ठेवाल?"

आत्यानं चटईवरच्या अठरांकडे बघितलं. मग ती म्हणाली, "ये बाळा. गुरुवारी ये." आणि फोन माझ्या हातात दिला, जणू तो भाजत होता.

त्यानंतर ती जेवली नाही. अठरा जणांना भरवलं, निजवलं, आणि दाराच्या उंबऱ्याला टेकून बसली. मी घरातला प्रत्येक कोपरा विजेरी घेऊन पाहिला. बुधवारी सकाळी आंघोळी घालताना तिनं कुणाला दटावलं नाही, कुणाला लाडावलं नाही. एकोणिसाव्याचा पंचा तसाच घडी घातलेला राहिला.

दुपारी ती माझ्या गाडीवर बसून लोकोसूकडे गेली. लोकोसू म्हातारा सुतार, साग्बोला त्यानंच घडवलं होतं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पटाशी बाजूला ठेवली.

"दोसी, एवढं काय त्यात? उद्या सकाळपर्यंत दुसरा करतो. तेच लाकूड, तोच हात. नाक सपाट करून देतो. तेल चोळून धुरात धरला की सात वर्षांचा दिसेल. कान भोकून लाल मणी घाल. आईलासुद्धा कळणार नाही."

"कळणार नाही?"

"माझी पैज."

आत्यानं खाली पडलेला एक कोवळा तुकडा उचलला. अर्धवट घडलेला, डोळे नसलेला. बराच वेळ तो हातात फिरवत राहिली. मी मनात म्हणत होतो, आत्या, हो म्हणा. झिन्सूच्या तापाला काय कळतंय, आईचा जीव भांड्यात पडेल, तुमचीही अब्रू राहील.

"मागं माझी सासू म्हणायची, बाहुल्या न्हाऊ घालते," आत्या म्हणाली. "हा दुसरा नेऊन दिला तर तिचं खरं केल्यासारखं होईल." तिनं तो तुकडा लोकोसूच्या मांडीवर ठेवला. "हे लेकरू कुणाचं तरी आहे. त्याची आई आली की तिला दे."

लोकोसू डोकं खाजवत राहिला. "मग एलावान्योला काय सांगशील?"

"काय झालं ते."

"ती तुझ्या दारात उभी राहून शिव्या देईल. उद्या बाकीच्या आया येऊन आपापली पोरं उचलतील."

"उचलू देत की. पोरं त्यांची आहेत."

गुरुवारी सकाळी एलावान्यो आली ती वाऱ्यानं पांढरी होऊन. पापण्यांवर धूळ, केसांवर धूळ. आत्यानं तिला पाणी दिलं. तिनं दोन थेंब जमिनीवर सांडले, उरलेलं प्यायली. आमच्याकडे पाणी पिण्याआधी बातमी विचारत नाहीत. मग आत्यानं विचारलं, "नीट उठलात का? झिन्सू नीट उठला का?"

"अंग अजून तापतंय. आईजवळ ठेवून आलेय." ती खोलीच्या दाराकडे बघत होती. "साग्बो कुठं?"

आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. सासूसमोर बसतात तशी, पाय बाजूला दुमडून. एलावान्यो तिची लेक शोभेल अशा वयाची.

"बाळा, माझ्याकडून साग्बो हरवला," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी न्हाऊ घातला, दुपारी मोजलं तर नव्हता. सगळीकडे बघितलं. दुसरा करून तुझ्या हातात द्यायचा विचार माझ्या मनात आला होता, तेही सांगते. नाही केला. आता तू बोलशील ते."

एलावान्योनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं आपल्या कमरेचं लुगडं सैल करून पुन्हा आवळलं, जिथं त्याला खोचायचं होतं तिथं. मग म्हणाली, "मी झिन्सूला काय सांगू?" आणि ते इतक्या साध्या आवाजात म्हणाली की कुंपणापलीकडे नोएलीच्या हातातला गोळा तसाच राहिला.

"मी येते तुझ्याबरोबर," आत्या म्हणाली. "मीच सांगते त्याला. मी दोसी आहे. पोर माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नको." आणि ती खरंच चपला शोधायला उठली. ती कोतोनूला गेल्याला अकरा वर्षं झाली होती.

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबल्याचा आवाज आला, आणि मग फटक फटक चपलांचा. मिर्लांद धावत येत होती. लाल मातीनं डोक्यापासून पायापर्यंत रंगलेली. शाल खांद्यावर. आणि कमरेला, करकचून बांधलेल्या फडक्यात, नव्या पिवळ्या टोपीखाली, साग्बो.

कोण आधी ओरडलं ते आठवत नाही. नोएली असावी.

मिर्लांद एका दमात बोलत होती आणि मी मागून धापा टाकत सांगत होतो. तिला वाटलं होतं आत्यानं साग्बो तिला दिला. एवढा मोठा मान! दोनशे वर्षांनी आलेल्या लेकीला ओटीत लेकरू घातलं! ती माझ्याच गाडीवर, माझ्याच पाठीशी त्याला घेऊन बसली होती, आणि अड्ड्यावर माझे हात धरून उभी होती ते त्याचसाठी. अबोमेत ती त्याला सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घालत होती. घेवडा शोधून भरवत होती. राजवाड्याच्या भिंतींवरचे सिंह आणि हत्ती त्याला दाखवले. वाटेत भेटणारी प्रत्येक बाई थांबून 'बाळ कसं आहे' विचारायची आणि त्याच्या टोपीत गोळी, पेपरमिंट नाहीतर संत्र्याची फोड ठेवायची. फोन कधीच बंद पडला होता, तिनं लक्षच दिलं नाही.

काल संध्याकाळी बाजारात पालेभाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, "ह्याचा दुसरा कुठंय?" मिर्लांद म्हणाली, "दुसरी मीच." म्हातारीनं साग्बोला हातात घेतलं, नाकावरून अंगठा फिरवला. "हे नाक कुणीतरी सात-आठ वर्षं धुतलंय. तू तर परवा आलीस. मग तुझा कसा? ह्याची आई कुठंतरी वाट बघत असेल आणि दुसरं पोर रडत असेल. ऊठ, ऊठ आधी." रात्रीची गाडी नव्हती. ती पहाटेच्या पहिल्या टॅक्सीनं निघाली.

"पण मला सांगितलं होतं ना, ने घेऊन?" तिनं मला विचारलं.

मी आत्याकडे बघितलं. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! अगं, ते म्हणायचं असतं!" ती म्हणाली. "गोऱ्यांना मी कधी म्हणत नाही. तुझा चेहरा बघून विसरलेच की तू परक्या गावची. आपल्यातलीच वाटलीस म्हणून म्हणून गेले." मग माझ्याकडे वळली. "आणि तू रे गाढवा! कानातून ऐकतोस आणि तोंडातून बाहेर सोडतोस. मधे डोकं आहे ना?"

"तुम्ही म्हणालात तेच सांगितलं मी."

"हेच तर! निम्मं गिळायचं असतं ते!"

एलावान्योनं तोपर्यंत साग्बोला सोडवून घेतलं होतं. तिनं त्याच्या मानेत नाक खुपसलं, वास घेतला, लाल मणी चाचपला, उलटं करून पाठ बघितली. सगळं जागेवर. मग तिचे खांदे खाली आले, अगदी दिसतील असे, जणू डोक्यावरची मोळी कुणी उतरवली. ती तिथंच मातीत बसली आणि रडत रडत हसायला लागली.

"अबोमे बघून आलास? मी जन्मात नाही बघितलं, आणि तू सिंह बघून आलास? आईला टाकून?"

"संत्रीही खाल्ली," नोएली म्हणाली. ती आता कुंपण ओलांडून आतच आली होती. "अंग भरलंय की ह्याचं."

"तू चोर म्हणालीस तिला," आत्या म्हणाली.

"मी म्हणाले, चोर कसे हसतात ते तुला ठाऊक नाही. तेवढंच म्हणाले मी." नोएलीनं मिर्लांदच्या हातात पानात बांधलेले दोन गरम गोळे कोंबले. "खा गं. कुणाचं तरी पोर सांभाळून आलीस, उपाशी असशील."

एलावान्योनं थोडं पाणी तोंडावर मारलं, साग्बोला कमरेला खोचलं आणि टोपीतल्या सगळ्या पेपरमिंटच्या गोळ्या झिन्सूसाठी बांधून घेतल्या. जाताना ती मिर्लांदसमोर थांबली. मला वाटलं आता चिडेल. ती म्हणाली, "त्याला दोन्ही वेळ कोमट पाणी दिलंस?" मिर्लांदनं मान हलवली. "मग ठीक आहे," एलावान्यो म्हणाली, आणि आत्याला, "रविवारी सकाळी परत आणून सोडते. पण आत्या, कौतुक केलं तर 'ने' म्हणू नका हं कुणाला."

"आता कुणाला पाणीसुद्धा घे म्हणणार नाही," आत्या म्हणाली.

मी एलावान्योला कोतोनूच्या टॅक्सीच्या अड्ड्यावर सोडून आलो तेव्हा मिर्लांद आत्याच्या शेजारी बसली होती. तिला विचारायचं होतं, तिच्या भावाचीही मूर्ती करून घेता येईल का. लोकोसू करेल का.

"करेल, त्याला काय," आत्या म्हणाली. "पण आधी फावाल्याकडे, कौल लावतो त्या भगताकडे, जाऊन कवड्या टाकून विचारायचं. भावाला हवं आहे का ते. सगळ्यांना घरी यायचं नसतं. कुणाकुणाला रानच आवडतं. एवढी वर्षं गेली, लाकडं भरपूर झाली असतील त्याची, आता येईल कदाचित. घाई करू नकोस. पुढच्या बुधवारी आपण जाऊ." मिर्लांदनं वहीत काहीच लिहिलं नाही. फक्त मान हलवली, आणि मग उठून न सांगताच कोरडे पंचे दोरीवरून काढायला लागली.

शनिवारी सकाळी फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर लावून आत्यापुढं धरला. झिन्सूचा ताप शुक्रवारी पहाटे उतरला होता. तो उठून बसला होता आणि भावाला कुशीत घेऊन भात मागत होता.

"डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी उतरला," एलावान्यो सांगत होती. "मी म्हणते साग्बोनं. झिन्सू म्हणतो पेपरमिंटनं."

"तिघांचं खरं असेल," आत्या म्हणाली. "भात दे त्याला, वाट कसली बघतेस?"

मागून पोराचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "आत्या, साग्बो म्हणतो अबोमेला मोठा सिंह होता!"

"हो का? त्याला म्हणावं, आता घरी बस," आत्या म्हणाली. फोन बंद झाला तरी ती तशीच बघत राहिली त्याच्याकडे. तिच्या छातीतून इतका लांब श्वास बाहेर पडला की जवळच्या राखेवरची धूळ हलली. मंगळवारपासून आतच अडकलेला असावा.

"आत्या, जेवलात का काही?" मी विचारलं.

"जेवेन. घेवडा खाली लागलाय कालचा," ती म्हणाली. घेवड्याचं भगुणं चुलीवरून उतरवून तिनं ते मांड्यांत धरलं, मूठभर वाळू घेतली आणि तळ घासायला लागली.